मागची काच

पुंता आरेनासमध्ये गाडीची डिक्की उघडायची
ती वाऱ्याला विचारून.
मी विचारलं नाही.
हातातून सुटली, वर गेली, आपटून खाली आली.
क्षणभर काच जागेवरच होती, नुसती पांढरी पडलेली,
मग सगळीच्या सगळी ओघळली
खडीसाखर सांडावी तशी
पिठाच्या दोन पोत्यांवर.

पोती फेकली. बेकरीचं त्या दिवसाचं तोंडच कडू झालं.

सामुद्रधुनीपलीकडून एलेउतेरियोमामा फोनवर म्हणाला,
कागद घे.
तीस वर्षं काचा बसवल्यात मी, फसवल्याही आहेत थोड्या,
म्हणून सांगतो, दुकानात पाय टाकण्याआधी काय विचारायचं ते.

मी पावाच्या पिशवीवर लिहीत गेले:

साल कुठलं सांगू, गाडी विकली गेली ते, की बनली ते?
बनली ते. दोन्हींत कधी कधी एक हिवाळा मावतो
आणि तेवढ्यात वायपरचं भोक चार बोटं सरकतं.

काच नवी, की भंगारातल्या सख्ख्या भावंडाची?
भंगारातली असेल तर कडेवरून बोट फिरवू द्या म्हणावं.
कपचा उडालेली काच मनात राग धरून असते,
एखाद्या पहाटे कुणी हातही न लावता फुटते.

रेडिओची तार काचेतच आहे का?
फेरीबोट सुटणार की नाही, हे मला सकाळी तोच सांगतो.

रबर की चिकटवण?
चिकटवण असेल तर गाडी किती तासांनी हलवू?
इथे मामा हसला.
डब्यावरचे तास उन्हाळ्यातले असतात, पोरी,
आपल्याकडे उन्हाळा कुठे आहे? गॅरेज गरम ठेवता का, तेही विचार.

जुने तुकडे कोण वेचणार?
सीटच्या फटीतले, पट्ट्याच्या बक्कलमधले,
डिक्कीच्या पोटात जाऊन वळणावर खुळखुळणारे?

पाणी मारून दाखवाल का, माझ्या डोळ्यांदेखत?
गळली तर किती महिने तुमची, कधीपासून माझी?
आणि विमा?
विमा भरेल गं. पण पहिला घास
तुझ्याच ताटातला उचलेल. तो केवढा, ते आधी विचार.

शेवटचं, धुकं घालवणाऱ्या रेषा.
बसवण्याआधी मीटर लावून दाखवा म्हणावं.
थंडी पडली की कळेलच, असं म्हणाला
तर तिथून उठायचं.

नेवेन्का युत्रोनिचनं पिशवी हातात घेऊन
सगळे प्रश्न स्वतःच वाचले.
एकेकाचं उत्तर दिलं, न चिडता,
पिठाच्या डागावर बोट ठेवून ठेवून.
मग हात पुसत म्हणाली, आता माझा एक.
जुन्या काचेवर काही होतं का,
परत हवं असलेलं?

चौथी रेषा मेलेली होती.
इस्माएलनं नऊ वर्षांचा असताना
स्टिकर खरवडला होता नाण्यानं, तिच्यासकट.
तेव्हापासून दर हिवाळ्यात
तेवढी एक पट्टी धुकट राहायची:
तिच्या वर रस्ता, तिच्या खाली रस्ता,
मध्ये त्याचं नववं वर्ष.
आता तो खेकड्यांच्या बोटीवर असतो,
फोन लागला तर लागतो.

मी म्हटलं, नाही. काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काच बसली.
पाणी मारलं, थेंब आत आला नाही.
साऱ्या रेषा तापतात.
आरशात अख्खी सामुद्रधुनी दिसते, सलग, धुतल्यासारखी,
आणि मी उगाच मान वाकडी करते,
जिच्यावरून बघायचं ती पट्टी नसतानाही.

मामाला कळवलं, सगळं विचारलं.
डिक्की आता दोन्ही हातांनी धरते.